मालवाहू पिकअपचं सस्पेन्शन: पाटा वाढवण्याआधी काय बघायचं आणि मग काय निवडायचं

मुंबईत मालवाहतुकीसाठी पिकअप घेतली की पहिल्या काही दिवसांतच कुणीतरी सल्ला देतं, "दादा, मागे दोन-दोन पाटे वाढवून टाक, मग कितीही भर, गाडी बसणार नाही." गाडीवर कोणता माल चढणार, किती चढणार, कुठल्या रस्त्याने जाणार, यातलं काहीही न विचारता हा सल्ला दिला जातो. (पाटे म्हणजे मागच्या एक्सलवर गाडीचं वजन पेलणाऱ्या वाकदार पोलादी पट्ट्या, लीफ स्प्रिंग.) वाशीच्या मार्केटमधून टोमॅटोचे क्रेट आणणारी गाडी, भाऊच्या धक्क्यावरून बर्फातली मासळी उचलणारी गाडी, पेणहून गणपतीच्या मूर्ती आणणारी गाडी आणि भिवंडीच्या गोदामातून टाइल्स भरणारी गाडी, या चौघींना एकच इलाज लागू पडत नाही. आणखी एक गोष्ट सगळे विसरतात. मुंबईतली पिकअप बहुतेक वेळा जाताना भरलेली आणि येताना रिकामी असते. म्हणजे तिचा जवळपास अर्धा प्रवास रिकाम्या हौद्याने होतो. सस्पेन्शन दोन्ही अवस्थांत नीट चालायला हवं. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका विचारावर उभं आहे.

आणखी एक गोष्ट आधीच पक्की डोक्यात बसवा. सस्पेन्शन बदलल्याने गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ती मर्यादा चासी (गाडीचा खालचा सांगाडा), एक्सल, चाकांचे बेअरिंग, ब्रेक आणि टायर हे सगळे मिळून ठरवतात. पाटे जाड केले की गाडी वरून ताठ दिसते, पण खालचं बेअरिंग आणि ब्रेक कालचेच असतात. परवानगीतलं वजन न आदळता, न डोलता आणि ब्रेकला दगा न देता वाहावं, यासाठीच सस्पेन्शन सुधारायचं.

पहिली पायरी: आरसी आणि वजनकाटा

आरसीवर दोन आकडे असतात: गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. समजा, ते १,७०० किलो आणि ३,००० किलो आहेत. वजाबाकी १,३०० किलो आली म्हणून १,३०० किलो माल भरता येतो असं नाही. ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून १४० किलो धरा. तुम्ही नंतर बसवलेली लोखंडी जाळी, ताडपत्रीचा सांगाडा, साखळ्या यांचे १०० किलो धरा. उरले १,०६०. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, म्हणजे २१ गोण्या. पंचविसावी गोणी चढवणाऱ्या हमालाला हा हिशेब ठाऊक नसतो, तो मालकाला ठाऊक पाहिजे.

आता नेहमीचा माल भरून काट्यावर जा. वाशी, कळंबोली, भिवंडी या पट्ट्यात वजनकाटे जागोजागी आहेत. एक वजन पूर्ण गाडीचं घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एक आणि फक्त मागची चाकं ठेवून एक. काटेवाला कुरकुरला तर वेगळे पैसे द्या, पण तिन्ही पावत्या घ्या. सस्पेन्शनसाठी मागच्या एक्सलचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो नवख्या मालकांपैकी फारच थोड्यांकडे असतो.

हा आकडा माल कुठे ठेवला यावर खूप बदलतो. पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये तीन मीटर अंतर आहे असं धरा. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे, फाळक्याजवळ, ३०० किलो ठेवले तर मागच्या एक्सलवर ३०० नाही, ४०० किलो येतात आणि पुढच्या एक्सलवरचे १०० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचा ब्रेक नीट पकडत नाही, गाडीचं नाक वर जातं. मग लोक म्हणतात पाटे कमजोर आहेत. अनेकदा जड माल केबिनच्या पाठीला टेकवून भरला की निम्मी तक्रार तिथेच संपते, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

वजन मर्यादेबाहेर असेल तर इथेच थांबा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वाढवलेला पाटा दाखवून या दंडातून सुटका होत नाही. दोन खेपा करा, किंवा मोठी गाडी बघा. हप्ता चालू असलेल्या तरुण मालकाला हे ऐकायला कठीण जातं हे मला समजतं. पण तुटलेला एक्सल हप्त्यापेक्षा महाग पडतो, आणि तो सायन-पनवेल महामार्गावर तुटला तर बाजूच्या दुचाकीवाल्याचं काय होईल याचा विचार करा.

दुसरी पायरी: मोजपट्टी

सपाट जागा शोधा. पेव्हर ब्लॉकची गल्ली नको, काँक्रीटचं आवार चांगलं. टायरमध्ये योग्य हवा भरा. गाडी रिकामी असताना चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजून वहीत लिहा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा.

रिकाम्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूत दोन सेंटिमीटरच्या आसपास फरक असेल तर बहुधा एखादा पाटा तुटलेला आहे किंवा एका बाजूचे पाटे बसले आहेत. गाडीखाली जाऊन टॉर्चने प्रत्येक पाटा टोकापासून मध्यापर्यंत बघा. पाटा बरेचदा मधल्या बोल्टच्या भोकाजवळ तुटतो. तिथे यू-बोल्टची (पाटे एक्सलला आवळून धरणाऱ्या यू आकाराच्या बोल्टची) पकड असल्याने दोन्ही तुकडे जागेवर राहतात आणि तूट पटकन दिसत नाही. गंजाची एक बारीक आडवी रेघ दिसली तर संशय घ्या.

मग बंप स्टॉप बघा, म्हणजे एक्सलच्या वर चासीला लावलेला रबराचा ठोकळा. तो घासून चकचकीत झाला असेल किंवा फाटला असेल तर गाडी खड्ड्यात पूर्ण खाली बसून आदळते आहे. भरलेली गाडी उभी असताना या ठोकळ्याखाली मोकळी जागा दिसलीच पाहिजे. नसेल तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट चासीवर जातो.

मोजमाप झालं की निदान सोपं होतं. रिकामी गाडीच खाली बसली असेल तर तिला सुधारणा नको, दुरुस्ती हवी: नवे पाटे, नवे बुश (पाट्यांच्या टोकांच्या जोडातलं रबरी अस्तर). रिकामी ठीक, पण मर्यादेतल्या वजनानेही ठोकळ्यावर टेकते, तर मदतीचा पाटा किंवा हेल्पर हवा (दोन्ही पुढे सांगितले आहेत). उंची ठीक, पण गतिरोधकानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावते, तर शॉकअप गेले. उंची ठीक, पण वळणावर झुकते, तर आधी मालाची उंची, टायरची हवा आणि बुश बघा. मंडपाचं सामान किंवा फर्निचर उंच रचलं की कुठलेही पाटे ते डोलणं पूर्ण थांबवू शकत नाहीत. एक हजार लिटरच्या टाकीत पाणी अर्धंच भरलं तर तेही आत हिंदकळून गाडी ओढतं. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा, आणि पूर्ण भरली तर एक हजार किलो धरा.

तिसरी पायरी: पाटे

पिकअपच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा पाटेच असतात आणि घाईचे निर्णय इथेच होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

पाट्यांचे दोन प्रकार ओळखायला शिका. जुन्या पद्धतीच्या गठ्ठ्यात पाच-सात सारख्या जाडीचे पाटे एकमेकांना पूर्ण चिकटून असतात, खालचा वरच्यापेक्षा आखूड. दुसरा प्रकार पॅराबोलिक. यात पाटे कमी असतात, मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जातात आणि मध्य व टोकं सोडून एकमेकांना टेकत नाहीत. पहिल्या प्रकारात विचार करून एक पाटा वाढवता येतो. पॅराबोलिकमध्ये साधा सपाट पाटा घुसवू नका. दोन पाट्यांमधली मोकळी जागा हाच त्याच्या कामाचा भाग आहे. ती भरली की पाटे नको त्या जागी घासतात आणि तिथूनच तडा जातो.

पाटा किती वाढवायचा, याचं गणित लक्षात ठेवा. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. आठ मिलिमीटरच्या जागी नऊ मिलिमीटरचा पाटा टाकला तर तो एक पाटा जवळपास ४२ टक्के ताठ होतो. नुसता एक मिलिमीटर! म्हणून "थोडा जाड टाकतो" या वाक्याला लगेच हो म्हणू नका. गठ्ठ्यात तशाच मापाचा एक पाटा वाढवला तर वाढ बेताची असते.

मुंबईच्या कामासाठी माझी पसंती दोन टप्प्यांच्या रचनेला आहे. मूळ गठ्ठा कंपनीच्या मापाचाच, आणि त्याखाली जवळपास सरळ असा एक जाड मदतीचा पाटा. रिकाम्या गाडीत तो पाटा नुसता असतो, वजन घेत नाही. माल भरला आणि गठ्ठा सरळ होऊ लागला की तो टेकतो आणि मग काम करतो. त्यामुळे येताना रिकामी गाडी उडत नाही. हा मुद्दा पावसात जिवाशी येतो. फार ताठ पाट्यांची रिकामी पिकअप ओल्या उड्डाणपुलाच्या सांध्यावरून गेली की मागची चाकं क्षणभर रस्ता सोडतात, आणि त्याच क्षणी ब्रेक लागला तर शेपूट फिरते. मूर्ती, काच, अंडी असा नाजूक माल वाहणाऱ्याने तर पाटे वाढवूच नयेत. त्याच्या गाडीत वजन कमी असतं आणि ताठ पाट्यांचा सगळा हिसका मालालाच बसतो. त्याने पैसे शॉकअपवर घालावेत.

विकत घेताना पाटे बऱ्याच ठिकाणी किलोच्या भावाने मिळतात. पोलादाचा दर्जा डोळ्यांनी कळत नाही, म्हणून नामांकित कंपनीचा शिक्का असलेला माल आणि पक्की पावती घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग भरपूर मिळतात, पण जुना पाटा कधीही घेऊ नका. त्याने किती लाख धक्के खाल्लेत हे कुणी सांगू शकत नाही. बसलेले पाटे भट्टीत तापवून पुन्हा वाक देणारे कारागीर असतात. हे काम तात्पुरतं असतं. तापवून पुन्हा नीट पाणी दिलं नाही (म्हणजे पोलाद थंड करून कडक केलं नाही), तर पाटा लवकरच परत बसतो किंवा तडकतो. आणि पाट्याला वेल्डिंग तर कधीच नको. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचं पाणी उतरतं आणि पाटा तिथेच मोडतो.

रबर की हवा?

पाट्यांना हात न लावता मदत मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, बंप स्टॉपच्या जागी बसणारा पोकळ रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा हेल्पर. गाडी बसली की तो दाबला जातो, जितका दाबला तितका ताठ होतो. रिकाम्या गाडीत त्याच्या आणि एक्सलच्या मध्ये जागा उरते, म्हणून चाल बदलत नाही. हवा सुटण्याची भीती नाही, गंज नाही. मासळी आणि बर्फ वाहणाऱ्यांना मी हाच सुचवेन, कारण मिठाचं पाणी लोखंडाला खातं, रबराला नाही.

दुसरा मार्ग हवेच्या बॅगा. रोज वजन बदलणाऱ्यांना त्या सोयीच्या, कारण माल बघून हवा कमी-जास्त करता येते. मात्र दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगवेगळ्या ठेवा. एकच नळी जोडली तर वळणावर एका बॅगेतली हवा दुसरीत जाते आणि गाडी आणखी झुकते. रिकामी असतानाही कंपनीने सांगितलेली किमान हवा ठेवावी लागते, नाहीतर बॅग चिमटून फाटते. खड्डे, गिट्टी आणि उंदीर यांच्यात दिवस काढणाऱ्या गाडीत नळ्या तपासत राहावं लागतं. ज्याची गाडी रोज वेगवेगळे ड्रायव्हर चालवतात, त्याने या वाटेला जाऊ नये. हवा बघायची कुणी, यावरच सगळं अडतं.

शॉकअप

शॉकअप वजन उचलत नाही, हे नवख्यांना सगळ्यात आधी सांगावं लागतं. वजन पाटे उचलतात. पाटा दाबला गेल्यावर परत उसळतो, ती उसळी शॉकअप शांत करतो. म्हणून पाटे ताठ केले आणि शॉकअप जुनेच ठेवले तर गाडी आधीपेक्षा जास्त उडते, आणि मालकाला वाटतं पैसे वाया गेले. पाट्यांचं काम काढलं की शॉकअपचा खर्च त्याच हिशेबात धरा, आणि ते जोडीनेच बदला.

तेलाने ओला झालेला शॉकअप गेलेला असतो. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडून झीज झाली असेल तरी संशय त्याच्यावरच घ्या. नवा घेताना लांबी बघा. पाटे बदलून गाडी मागून चार सेंटिमीटर उचलली गेली असेल तर जुन्या लांबीच्या शॉकअपला खाली ताणायला तितकी कमी जागा उरते. गतिरोधकावर तो पूर्ण ताणला जाऊन आतून तुटतो. गॅस भरलेले शॉकअप तापल्यावरही काम टिकवून धरतात, म्हणून कसाऱ्याच्या किंवा बोरघाटाच्या फेऱ्या करणाऱ्यांना ते परवडतात. दादर ते वाशी एवढंच काम असेल तर कंपनीचे मूळ शॉकअप वेळेवर बदलणं पुरेसं आहे.

पुढच्या बाजूला शक्यतो हात लावू नका. ज्या पिकअपमध्ये पुढे टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असतो, तिथे तो पिळून नाक वर उचलण्याची सवय काही जणांना असते. त्याने ताकद वाढत नाही, चाकाची खाली जाण्याची जागा कमी होते आणि बॉल जॉइंट (पुढच्या चाकाचे गोल सांधे) लवकर जातात.

टायरच्या बाजूवर लिहिलेला लोड इंडेक्सही काट्याच्या पावतीशी जुळवून बघा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो. मागच्या एक्सलचं वजन १,९०० किलो आणि टायर १०० चे असतील तर दोन टायर मिळून १,६०० किलोच पेलतात. अशा वेळी पाट्यांवर घातलेला रुपया चुकीच्या जागी गेला.

ब्रेकचा वॉल्व्ह, जो कुणी सांगत नाही

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीवरच्या एका वॉल्व्हपर्यंत एक दांडी किंवा स्प्रिंग जाते. गॅरेजमध्ये याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी भरली की चासी खाली येते, दांडी हलते आणि वॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी सोडतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत.

आता पाटे ताठ केले तर भरलेली गाडीही वरच राहते. वॉल्व्हला ती रिकामी वाटते. माल पूर्ण, पण मागचा ब्रेक अर्धा. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात, थांबायचं अंतर वाढतं. घोडबंदरला गायमुखच्या उतारावर पावसात हे कळून उपयोग नाही. म्हणून मागची उंची बदलणारं कुठलंही काम केलं की कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये हा वॉल्व्ह नव्याने सेट करून घ्या, आणि कोणते पाटे टाकले ते तिथे स्पष्ट सांगा. काही ठिकाणी ही दांडी तारेने बांधून टाकतात. तशी बांधलेली दिसली तर पहिल्यांदा ती सोडवा. एबीएस-ईबीडी (चाकं जाम होऊ न देणारी आणि ब्रेकचा जोर पुढे-मागे वाटणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत हे काम चाकांच्या वेगावरून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघा.

काम करून घेताना

जुने यू-बोल्ट पुन्हा लावू देऊ नका. एकदा आवळलेला यू-बोल्ट ताणलेला असतो, पुन्हा तीच पकड देत नाही. यू-बोल्ट ढिला पडला की सगळा ताण मधल्या बोल्टवर येतो, तो तुटतो, एक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. पाट्यांचे बुशही त्याच वेळी बदला. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावर आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. काम चालू असताना गाडी फक्त जॅकवर नसावी, खाली स्टँड किंवा लाकडाचे ठोकळे हवेत. हे मिस्त्रीला सांगायला लाजू नका.

चासीला नवं भोक पाडणं, कापणं, वेल्डिंग करणं, वेगळा एक्सल टाकणं याला नकार द्या. कलम ५२ नुसार गाडीची नोंद कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग असतं, तिथेही हे काम अडतं. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरकडून आधी लेखी विचारून घ्या.

काम झालं की पुन्हा चारही उंच्या मोजा, अलाइनमेंट करा, हेडलाइटचा रोख तपासा. मागची उंची बदलली की झोताची दिशा बदलते. आधी रिकामी, मग अर्धी, मग पूर्ण भरून चालवा. ठराविक वेगाला खालून घरघर आली तर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला आहे, तसंच दामटू नका.

काहीशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे बसताना पकड थोडी सैल होते. पावसाळ्यात पाट्यांमध्ये चिखल साचून गंज धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा खालून पाणी मारा. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरून आलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. पाट्यांवर जळकं ऑइल ओतायची पद्धत सोडा, ते रबरी बुश फुगवतं आणि धूळ धरून ठेवतं. शॅकलला (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीला) ग्रीसचे निपल असतील तर प्रत्येक सर्व्हिसला ग्रीस भरा. आणि काट्याच्या पावत्या, उंचीची मापं, पाट्यांची पावती हे सगळं गाडीच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी गाडी एका बाजूने बसली, तर ती किती बसली हे मिस्त्रीला अंदाजाने सांगावं लागणार नाही.